तळघरातला परतीचा पंप

आमच्या तळघराला आता समुद्राचा वास येतो. सोलापुरात, जिथे वैशाखात दाराची कडीसुद्धा हाताला चटका देते, तिथे जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय ठेवताच ओला, खारट, शेवाळलेला वास अंगावर येतो आणि क्षणभर आपण कुठल्या गावात आहोत तेच कळेनासे होते. पूर्वी तिथे सुताचा वास असे. कोऱ्या सुताचा, खळीचा, थंड दगडाचा. तो वास इतका सौम्य होता की तो गेल्यावरच तो होता हे मला उमगले. नव्या वासाची सवय मला अजून झालेली नाही, आणि होऊ नये असा माझा प्रयत्नही असतो.

तळघर मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, खोदून घेतले. ते दक्षिणेकडच्या कोरड्या तालुक्यातले, मेंढरे राखणाऱ्या घरातले. तरुणपणी शहरात आले, दुसऱ्यांच्या मागांवर उभे राहिले आणि पुढे अक्कलकोट रोडला स्वतःचे चार माग टाकून टॉवेल विणू लागले. इथल्या कोरड्या हवेत सूत तडतड तुटते. म्हणून घर बांधताना त्यांनी आधी खाली खडक फोडून सुतासाठी गार खोली केली आणि मगच वर माणसांसाठी भिंती उभ्या केल्या. नंतर सूत कारखान्यावरच उतरू लागले, खोली रिकामी झाली आणि कुणी काही न ठरवता ती माझ्याकडे आली. खिडकीजवळ, खरे तर रस्त्याच्या पातळीवरच्या एका झरोक्याखाली, मी टेबल मांडले. समोर मामंजींची दुपारच्या झोपेची बाज. मी मोडनिंबची, ज्वारीच्या ताटांतून वाहणाऱ्या वाऱ्याची सळसळ कानांत घेऊन वाढलेली. त्या खोलीत मला पहिल्यांदा संपूर्ण शांतता भेटली.

त्या शांततेची गरज माझ्यापेक्षा मामंजींना अधिक होती. मागांनी त्यांचे कान नेले आहेत. आयुष्यभर धोट्यांच्या आदळआपटीत उभा राहिलेला माणूस म्हातारपणी ज्या बहिरेपणात शिरतो, तो त्यांचाही आहे. पंखा फिरत असला, मिक्सर चालू असला, रस्त्यावरून रिक्षा गेली, की समोरच्याचे बोलणे त्यांच्यासाठी विरघळून जाते. पण जिथे दुसरा कोणताही आवाज नाही, तिथे एकट्या माणसाचा आवाज त्यांना नीट ऐकू येतो. घरात अशी जागा एकच होती. सासूबाई गेल्या त्या वर्षी ते कुणाशीच बोलेनासे झाले होते. एका दुपारी मी लिहिलेले स्वतःलाच वाचून दाखवत होते, आणि बाजेवरून आवाज आला, “पुन्यांदा म्हन की त्ये.”

तेव्हापासून रोज दुपारी मी वाचत असे आणि ते ऐकत असत. त्यांना कवितेतले काय कळत असे ते मी कधी विचारले नाही. डोळे मिटून, बोटांच्या चिमटीत धोतराचा काठ धरून ते पडून राहत आणि मध्येच म्हणत, “हितं जरा ढिलं झालंय,” किंवा, “काठ लई रुंद झाला, पोरी.” त्या खोलीबाहेर माझ्या लिहिण्याबद्दल घरात कुणी शब्द काढत नसे. यांना, माझ्या नवऱ्याला, मी लिहिते याचा अभिमान आहे. मात्र तो न वाचता बाळगलेला अभिमान आहे. माझा श्रोता एकच होता, आणि तो फक्त नीरव खोलीतच ऐकू शकत होता.

धाकटी जाऊ समुद्रकाठची. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या उन्हाळ्यातच तिचे ओठ फुटले, नाकातून रक्त आले. तिने तक्रार मात्र केली नाही. ती तक्रार करत नाही, हसते. माझ्या मनातून ती उतरू शकत नाही याचे एक कारण तेच असावे. सवतीच्या मत्सराला निदान भाषेत जागा आहे. तो गाण्यात येतो, ओवीत येतो, त्याला लोक मान डोलावतात. दिवसभर आपल्याच ओट्यावर आपल्याच शेजारी भाकऱ्या थापणाऱ्या, आपले दुखले तर आधी धावणाऱ्या बाईचा मत्सर वाटला, तर तो सांगायचा कुणाला?

तिने आधी एक लहान काचपेटी आणली, खाऱ्या पाण्यातल्या माशांची. मीठ आणि खनिजांचे तयार मिश्रण गाळलेल्या पाण्यात कालवून ती घरीच समुद्र करत असे. बादलीत हात घालून ते पाणी ढवळताना तिच्या चेहऱ्यावर जे येई ते मी देवघरासमोरच्या बायकांच्या चेहऱ्यांवर पाहिले आहे. मग तिला मोठी पेटी हवी झाली, बैठकीची एक भिंत व्यापणारी. एका रात्री जेवताना तिने विषय काढला. मोठ्या पेटीचे पाणी गाळायला, फेस काढायला, खाली दुसरी एक टाकी लागते. सगळी यंत्रे त्या खालच्या टाकीत बसतात. बैठकीत ठेवली तर उन्हाळ्यात पाणी तापेल आणि प्रवाळ जगणार नाहीत. घरात गार जागा एकच आहे.

“ताई, तुमची हरकत नसेल तर,” ती म्हणाली.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. हरकत आहे असे म्हणायला लागणारे कारण माझ्यापाशी होते, पण ते ताटावर बसून उच्चारता येण्याजोगे नव्हते. मामंजींना दुपारी माझे ऐकू येते, एवढ्यासाठी तुझा समुद्र आणू नकोस, हे कसे म्हणायचे? मी म्हणाले, “आवाज होईल का गं?”

“पाणी खाली आपलं आपणच येतं,” ती म्हणाली. “वर पाठवायला मात्र पंप लागतो. परतीचा पंप. आवाज असला तर त्याचाच.”

म्हणजे माझ्या हातात जे काही राहिले होते ते एवढेच: तो पंप कोणता असावा.

आमच्या गल्लीत पंपाचा एकच गुण पाहतात, शेजाऱ्याच्या आधी पाणी ओढण्याचा. नळाला काही दिवसांआड पाणी येते, आणि आले की घराघरांतल्या मोटरी एकाच वेळी घुरघुरू लागतात. त्यामुळे भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, पहिल्याच आठवड्यात कारखान्यातला एक दणकट पंप गाडीवर टाकून घेऊन आले. तो तीन मजले पाणी चढवतो, इथे तर एकच मजला आहे, म्हणून चिंता मिटली असे त्यांचे म्हणणे. जावेने तो उघडून पाहिला. आतली पाती पितळेची होती. खारे पाणी पितळ खाईल, त्यातले तांबे पाण्यात उतरेल, आणि त्याचा अंशही गोगलगायींना आणि प्रवाळांना सोसत नाही, हे तिने त्यांना समजावले.

“आमाला तांब्याच्या गडूनं पाणी पाजता आरोग्यासाठी,” भाऊजी म्हणाले, “आणि माशांना प्लास्टिक.”

दुसरे तिने असे सांगितले की नुसता जोर उपयोगाचा नाही. वरच्या पेटीतून खाली येणाऱ्या नळीला जेवढे पाणी वाहून नेता येते, त्याहून जास्त वर गेले तर ते बैठकीत सांडेल. भाऊजींनी पंप पुन्हा गाडीवर चढवला. जास्त पाणी ही अडचण असू शकते, हे आमच्या घरात कुणी त्याआधी ऐकलेच नव्हते.

त्यानंतरचे काही दिवस मी पंपांचा जेवढा अभ्यास केला, तेवढा छंदशास्त्राचाही कधी केला नसेल. प्रत्येक पंपाच्या खोक्यावर एक उतरती रेघ छापलेली असते. डावीकडे पंप जमिनीवर असताना किती पाणी देतो ते, आणि उजवीकडे सरकत जावे तसे, उंची वाढत जाते आणि धार बारीक होत जाते. शेवटी एक उंची अशी येते, जिथे पंप फिरत राहतो, पाणी नळीत थरथरत उभे राहते आणि वर काहीच पोहोचत नाही. ती रेघ मला फार जवळची वाटली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत जे लिहिलेले असते ते उंची शून्य असतानाचे असते. खरे काय ते त्या रेघेवर शोधावे लागते. नळीचे प्रत्येक काटकोनी वळण म्हणजे पंपाच्या दृष्टीने आणखी थोडी उंची. मी जावेला सुचवले की वळणे सैल, गोलाईची घेऊ, म्हणजे लहान पंपही पुरेल. तिला ते इतके पटले की तिने सगळ्यांसमोर माझे कौतुक केले. ते कौतुक मला मिरचीसारखे लागले. मी ते तिच्यासाठी शोधलेच नव्हते. मला लहान पंप हवा होता, कारण लहान पंप कमी बोलतो.

अखेर भवानी पेठेतल्या माशांच्या दुकानदाराने दोन पंप पारखून पाहायला दिले. मीठ लागू द्यायचे नाही, साध्या पाण्यात चालवून पाहायचे आणि नको असेल तो पुसून परत आणायचा, एवढीच अट. एक लहान, काळा. दुसरा निळा, नारळाएवढा. एका रविवारी दुपारी खालची टाकी साध्या पाण्याने अर्धी भरली, नळी वरच्या रिकाम्या पेटीपर्यंत जोडली, आणि पारख सुरू झाली. जाऊ वर पेटीशी उभी. मी खाली, टेबलाशी, हातात कागद. आणि बाजेवर मामंजी. त्यांना ऐकू येते की नाही हीच माझी कसोटी होती आणि ती मी उघडपणे मांडलीही होती. त्यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते. प्रत्येकीने आपापले पाणी पाहायचे होते.

काळा पंप सुरू केला. कान देऊन ऐकले तर एक बारीक गुणगुण, दुधावर साय धरताना भांड्याजवळ ऐकू यावी तशी. मी चार ओळी वाचल्या. मामंजींनी शेवटचा शब्द ओठांत घोळवला. माझ्या छातीत काहीतरी उजळले. तेवढ्यात वरून जावेने सांगितले की धार येतेय, पण नळाचे पाणी जायच्या वेळी येते तशी. पाणी पेटीत नुसते ठिबकत होते; त्यात हालचाल नव्हती, आणि हालचाल नसली की प्रवाळ गुदमरतात.

मग निळा पंप. तो सुरू होताच टाकीची काच, तिच्याखालचा लोखंडी घोडा, फरशी, टेबल, सगळ्यांतून एक घनगंभीर गुरगुर चालत गेली. मी तेच पान वाचू लागले. मला स्वतःला माझा आवाज येत होता. मामंजींनी डोळे उघडले, माझ्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिले, आणि मान हलवली. कानांनी अधू माणसे समोरच्याचे मन राखायला हलवतात तशी ती मान होती. मी ती घरात सगळ्यांपुढे हललेली पाहिली होती. माझ्यापुढे ती पहिल्यांदा हलली.

मी पंप बंद करायला उठणार, तोच ते उठले. टाकीपाशी आले. वर जाणाऱ्या नळीवर त्यांनी तळहात ठेवला. आधी नुसता ठेवला, मग घट्ट धरला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते वर्णन करायला मी पुष्कळ दिवस शब्द शोधले आहेत. बंद पडलेल्या घरात कुणीतरी दिवा लावावा, आणि तो दिवा आपण लावलेला नसावा.

“माग चाललाय की,” ते म्हणाले.

वरून जाऊ धावत खाली आली. पाणी कसे घुसळून येते आहे हे सांगायला आली होती. मामंजींचा नळीवरचा हात पाहून थांबली. तिनेही आपला हात त्यांच्या हाताखाली नळीवर ठेवला. दोघेही हसत होते. मी कागद घेऊन उभी होते.

तिने मला अगदी मनापासून सांगितले की या दोन्हींच्या मधला एक प्रकार मिळतो. त्याचा वेग आपल्याला कमीजास्त करता येतो, तो चढवतोही पुरेसे आणि बोलतोही कमी. पण त्याला विजेची एक नाजूक पेटी असते आणि आपल्याकडच्या वरखाली होणाऱ्या विजेत ती टिकेल याची तिला खात्री नव्हती. मी मामंजींकडे पाहिले. पंप बंद करून, त्या परत आलेल्या शांततेत, मी त्यांना विचारले, कोणता घ्यायचा?

“निळा घ्या,” ते म्हणाले. “पानी वर गेलं पायजे.”

“मग तुम्हाला माझं ऐकू येणार नाही, मामंजी.”

“न्हाय आलं तर न्हाय. बघत बसीन की वर.”

त्यांच्या मनात वाकडे काही नव्हते. म्हाताऱ्या माणसाने सोय सांगितली होती.

समुद्र उभा राहिला. तो कुरूप असता तर मला बरे झाले असते. निळसर उजेडात दगडांवर जांभळी साय धरली. मग त्या दगडांवर बोटभर देठांची फुले उमलली, जी फुले नव्हती, भुकेली तोंडे होती. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले मासे त्यांच्यातून अंग घासत फिरत. एक पारदर्शक कोळंबी दिवसभर तोच एक दगड साफ करी. रोज दुपारी मामंजी वर त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसू लागले. ते माशांना मेंढरांसारखे मोजत. एखादा दगडामागे गेला तर तो बाहेर येईपर्यंत जेवायला उठत नसत. जाऊ शेजारी बसून बोटाने दाखवी, आणि बोटाने दाखवायला कानांची गरज नसते. तिच्या पाण्याला कान लागत नव्हते, यातच तिची सगळी जीत होती. माझ्याकडे होते ते सगळे फक्त कानांतूनच आत जाऊ शकत होते.

खाली मी निळ्या पंपाच्या सोबतीने लिहीत राहिले. शब्द त्या गुरगुरीच्या लयीत येऊ लागले, सगळे एकाच वजनाचे, आणि मी ते खोडत राहिले. रिकामी बाज समोर. एकदा जिन्यात जाऊ भेटली, हातात मिठाची बादली घेऊन खाली येत होती. मी वाट दिली नाही.

“तुझा समुद्र वर,” मी म्हणाले, “आणि त्याचं मोटरघर माझ्या उशाशी.”

तिने बादली पायरीवर ठेवली. या वेळी ती हसली नाही. “ताई, या घरात तुम्हाला अख्खं तळघर आहे. मला चार काचा आहेत.”

मग बादली उचलून ती माझ्या बाजूने अंग चोरून खाली गेली. तिचे खरे होते. खऱ्या बोलण्याने मत्सर कमी होतो असे ज्यांना वाटते त्यांनी तो कधी केलेला नसावा.

पावसाळा सरता सरता ती माहेरी गेली. जाताना मासे भाऊजींवर सोपवले आणि खालच्या टाकीत पाणी घालण्याचे काम मामंजींवर. वाफेने रोज थोडे पाणी उडते, आणि ते उडालेले फक्त खालच्या टाकीत दिसते. वरची पेटी भरलेलीच राहते. मामंजींना हे काम फार आवडले होते. गाळलेल्या पाण्याचे कॅन ते स्वतः जिन्यावरून उतरवत, मला हात लावू देत नसत.

ती गेल्यानंतर नळाला पाणी यायचा दिवस उजाडला. पाणी आले की आमच्या घरात काय होते हे सोलापूरकराला सांगायला नको. पिंप, हंडे, कळशा, बादल्या, कुकरसुद्धा. जे भांडे दिसेल ते काठापर्यंत भरायचे आणि मगच मोटर बंद करायची. रिकामे भांडे दिसले की मामंजी अस्वस्थ होतात. ज्यांच्या लहानपणी मेंढरांना पाणी पाजायला कोसभर चालावे लागे, त्यांचे हे व्हायचेच. वरचे सगळे भरून झाल्यावर ते खाली आले. टाकी, जशी असायला हवी तशी, बरीचशी रिकामी होती. त्यांना ती उपाशी वाटली. उरलेले सगळे कॅन त्यांनी एकामागून एक तिच्यात ओतले. शेवटचे थेंब झटकून, खांद्यावरच्या टॉवेलने काठ पुसून, ते मागे सरून तिच्याकडे पाहत उभे राहिले.

“भरली बघ,” ते म्हणाले. “काठोकाठ.”

मीही पाहिले. पाणी काचेच्या काठाशी किंचित फुगून थांबले होते, झरोक्यातला उजेड त्यावर तरंगत होता. मी कोरड्या गावची मुलगी. मलाही ते दृश्य बरे वाटले.

दुपारी वीज गेली. पंप थांबला, आणि तळघरात ती जुनी शांतता अशी अचानक आली की मी लेखणी खाली ठेवली. मग त्या शांततेत पाण्याचा आवाज सुरू झाला. पंप वर ढकलत असतो तोवर वरचे पाणी वर राहते. तो थांबला की वरच्या पेटीतले काठावरचे पाणी आणि नळीत उभे असलेले सगळे पाणी खाली उतरू लागते. त्याच्यासाठी खालची टाकी रिकामी ठेवायची असते. त्या दिवशी तिच्यात जागा नव्हती. काचेच्या चारही बाजूंनी पाणी पडद्यासारखे खाली आले, शहाबादी फरशीवर पसरले, बाजेचे पाय ओलांडून माझ्या टेबलाखाली शिरले.

मामंजी टॉवेल आणायला ओरडले. आमच्या घरात टॉवेलांना तोटा नाही. काठ चुकलेल्या, धागा सुटलेल्या टॉवेलांचे गठ्ठे जिन्याखाली पडलेले असतात. आम्ही दोघांनी ते फरशीवर बांधासारखे रचले. ते एका तांब्याने टाकीतले पाणी बादलीत उपसू लागले, पण तांब्यापेक्षा वरून जास्त येत होते. वीज अचानक आली तर पंप सुरू होऊ नये म्हणून मी आधी त्याचे बटण बंद केले आणि मग जावेला फोन लावला.

तिने सगळे ऐकून घेतले. वर अजून किती पाणी आहे ते विचारले. वरची पेटी चार बोटे उतरेल आणि मग आपोआप थांबेल, म्हणाली; नळीचे तोंड उघडे पडले की पाणी यायचे थांबते. मासे आहेत तसे राहतील. पाणी थोडे फिके होईल, ते मी आल्यावर बघते. घाबरू नका. आणि मग, “मामंजींना सांगा, मासे ठीक आहेत. आधी तेवढं सांगा.”

मी वळले आणि नेहमीसारखे मोठ्याने सांगायला तोंड उघडले. मग लक्षात आले की ओरडायची गरज नाही. साध्या आवाजात म्हणाले, “मामंजी, मासे ठीक आहेत.”

त्यांना ऐकू आले. हातातला तांब्या त्यांनी खाली ठेवला. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेले, मिठाचे पाणी सुकून नडग्यांवर पांढरट होत चाललेले. ते बाजेवर पाय वर घेऊन बसले. पाणी आता काठावरून ओघळतच येत होते, हळूहळू बारीक होत.

“रिकामी ठिवायची असतीय व्हय ती?” त्यांनी विचारले.

“हो. परत येणाऱ्या पाण्यासाठी.”

“पानी आलं असताना भांडं रिकामं ठिवायचं,” ते म्हणाले. “कुनाला सुचंल का ह्ये?” मग म्हणाले, “तुझं काय लिवलेलं हाय का?”

“आहे.”

“वाच की मग.”

मी टेबलावर मांडी घालून बसले, कारण खाली पाय ठेवायला कोरडी जागा नव्हती. वाचले. ते त्याच महिन्यांतले होते, गुरगुरीत लिहिलेले, खोडून उरलेले. त्यांनी डोळे मिटले, चिमटीत ओल्या धोतराचा काठ धरला. दोन पानांनंतर म्हणाले, “लई घट्ट इनलंयस. हात जात न्हाय आत.” ओघळ थांबला. एक थेंब, मग बऱ्याच वेळाने दुसरा. मी तिसरे पान घेतले. असे वाटले की आता ही वीज कधीच येऊ नये.

दिवा लागला. मी वाचत राहिले. त्यांनी मिटलेल्या पापण्यांवर उजेड ओळखला असावा.

“लाइट आली न्हवं?”

“आली.”

“चालू कर, पोरी. माशास्नी दम लागंल.”

मी उठून बटण दाबले. निळा पंप गुरगुरू लागला आणि मामंजी लगबगीने जिना चढून वर मासे मोजायला गेले.

जाऊ परतली ती आल्या आल्या पाणी तपासायला बसली. त्यातले मीठ उतरले होते. तिने ते काही दिवस घेऊन हळूहळू वर आणले. एक प्रवाळ मिटला होता, तोही नंतर उघडला. मामंजींना ती काहीच बोलली नाही. त्यांनीच कारखान्यातून काठाला वापरतात ते लाल सूत आणले आणि खालच्या टाकीभोवती मध्यावर गुंडाळून गाठ मारली. आता सुताच्या वर पाणी चढवायचे नाही. पाण्याच्या दिवशी मात्र ते त्या टाकीकडे पाठ करून उभे राहतात.

आणि तिने पंप बदलला. तोच मधला, वेग कमीजास्त करता येणारा. विजेचा चढउतार सांभाळणारे एक यंत्रही सोबत आणले. तो निळ्यापेक्षा पुष्कळ हळू बोलतो, तरी मामंजींच्या कानांना तेवढेही भारी आहे, हे पहिल्याच दिवशी मी वाचून पाहिले तेव्हा आम्हा दोघींनाही कळले. तेव्हा तिने मला बोलावून त्याच्या पेटीवरचे एक बटण दाखवले. माशांना खायला घालताना खाणे वाहून जाऊ नये म्हणून पाणी थोडा वेळ थांबवायची सोय. दाबले की पंप गप्प होतो आणि थोड्या वेळाने आपला आपण सुरू होतो.

“मी खायला संध्याकाळी घालत होते,” ती म्हणाली. “आता दुपारी घालीन. तुम्ही वाचायला बसाल तेव्हा. बटण तुम्ही दाबा, पंप थांबला की मला वर कळतंच.”

मी तिच्याकडे पाहिले. तिच्या बोटांना माशांच्या खाण्याचा वास होता, कपाळावर घाम होता. तिने ते उपकार म्हणून सांगितले नव्हते. म्हणूनच ते मला नाकारता आले नाही.

आता रोज दुपारी मी बटण दाबते. गुणगुण विझते, वरचे पाणी खाली उतरू लागते, आणि मी वाचायला सुरुवात करते. खालच्या टाकीत पाणी लाल सुताच्या वर चढत जाते, ठेवलेल्या रिकाम्या जागेत शिरते आणि काठाच्या बरेच खाली थांबते. मामंजी ऐकतात. ढिले कुठे, घट्ट कुठे, सांगतात. तेवढीच शांतता माझी, आणि ती तिने दिलेली. ती घेताना अजूनही माझ्या घशाशी काहीतरी खारट येते. मी वाचत असते, ते ऐकत असतात, आणि ऐकता ऐकता त्यांची नजर वर छताकडे जाते. या वेळी वर ती पेटीत खाणे सोडत असते, आणि मासे सगळे एकदम दगडांमागून बाहेर येतात.